मुलाणी सरांचं ‘डिसॲग्री’

आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शेवटी शब्दांची यादी होती. तिच्यात ‘डिसॲग्री’पुढे ‘असहमत होणे’ एवढंच छापलेलं होतं. मुलाणी सर दरवर्षी एक अख्खा तास त्या एका क्रियापदावर घालवायचे. मी गणिताची. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, आणि मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे मावळातल्या त्या शाळेत नऊ वर्षं मी तो तास ऐकला. मुलं बदलायची, तास तोच.

आधी फळ्यावर खडूचा आवाज यायचा. मग सर वाचून दाखवायचे, “पटलं नाही. जुळलं नाही. मानवलं नाही. मराठीत तीन आहेत, इंग्रजीला एकच पुरतं. तुझी आई म्हणते पाऊस येणार, बाप म्हणतो येत नाही. हे पटलं नाही. तुझं घड्याळ म्हणतं साडेदहा, शाळेचं म्हणतं अकरा. हे जुळलं नाही. आणि मी वांगं खाल्लं की माझ्या अंगावर पित्त उठतं. हे मानवलं नाही. वांगं माझ्याशी डिसॲग्री करतं.”

कुणीतरी दरवर्षी विचारायचंच, “वांगं काय बोलतं का सर?”

“बोलत नाही. न बोलता करतं. ते जास्त वाईट.”

मग नेहमीची चूक यायची. मुलगा उठून म्हणायचा, ‘आय ॲम डिसॲग्री.’ सर त्याला तसाच उभा ठेवायचे. “तू डिसॲग्री नाहीस रे बाबा. तू डिसॲग्री करतोस. तो तुझा स्वभाव नाही, ते तुझं काम आहे. काम झालं की खाली बस.” मुलगा खाली बसायचा आणि वर्ग हसायचा.

सगळ्यात शेवटी सभ्य माणसाचं वाक्य: ‘आय ॲम अफ्रेड आय डिसॲग्री.’ म्हणजे नाही म्हणायच्या आधी थोडं घाबरायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, “घाबरायचं कशाला सर?” भिंतीपलीकडे फळ्यावर डस्टर फिरल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “समोरचं खरं निघालं तर, म्हणून.”

मुलाणी सर उंच, किडकिडीत आणि मानेत जरा वाकलेले. मूळचे पवन मावळातले. वर्गात पुण्याचं मराठी बोलायचे, पण गावाकडचा कुणी भेटला की क्षणात ‘कुटं चाललायस, लय दिसानं’ सुरू. राहायला लोणावळ्यात तुंगार्लीला, तळ्याच्या वरच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्यांत. आजूबाजूला मुंबईकरांचे बंगले, वर्षातले अकरा महिने बंद. सर आणि त्यांची बायको, एवढीच काय ती त्या गल्लीत माणसं. सर खडू कागदात गुंडाळून धरायचे. स्टाफरूममध्ये कमी बोलायचे, पण ठराव आला की हात वर जायचाच. मुख्याध्यापक त्यांच्याकडे न बघताच लिहायचे, ‘मुलाणी वगळता सर्वानुमते.’ सरांना त्याचा राग नव्हता. म्हणायचे, “बाई, पटत नाही म्हणजे भांडण नव्हे. भांडणाला दोघं लागतात. हे एकट्याला करता येतं.”

त्यांची हजेरी घ्यायची पद्धत वेगळी होती. मान खाली, पेन रजिस्टरवर, आणि नाव घेतल्यावर येणारा आवाज कानानं ओळखायचा. एकदाही वर बघायचे नाहीत. त्यांच्या वर्गात प्रॉक्सी कधी चालली नाही. पोरं आवाज बदलून बघायची, सर मान न उचलता म्हणायचे, “शिंदे, तू एकदा हजर आहेस, तेवढं पुरे.”

ऋतुजा नावाची एक मुलगी होती. तिच्याशी मात्र रोजची एक गंमत. “ऋतुजा गराडे.” गप्प. “ऋतुजा गराडे.” गप्प. “ऋतुजा गराडे!” मग बारीक आवाज, “प्रेझेंट सर.” तिच्या आईनं तिला लहानपणापासून बजावलं होतं की कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेलाच द्यायची. माणूस तीनदा हाक मारतं, दुसरं जे असतं ते एकदाच मारतं, असं त्यांच्याकडं मानतात. बाकी मुलं तिला चिडवायची. सरांना हे पटत नव्हतं, तसं त्यांनी तिला सांगितलंही होतं. पण ते रोज तीनदा हाक मारायचे. मला भिंतीपलीकडून ते मोजायची सवय झाली होती.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी आठवीची सहल भुशी धरणावर न्यायचं ठरवलं. ऑगस्ट संपत आला होता, गर्दी ओसरली होती, आठवड्याचा मधला वार होता. मुलाणी सरांचा हात वर. “पावसाळ्यात पाण्यापाशी पोरं न्यायची नाहीत. मला पटत नाही.” ठराव पास झाला, त्यांना वगळून. सहलीच्या दिवशी सकाळी बसपाशी सगळ्यांच्या आधी सर उभे. पायात बूट, हातात छत्री, काखेत रजिस्टर.

मी म्हटलं, “सर, तुम्हाला तर पटलं नव्हतं.”

“म्हणून तर आलो. पटलं असतं तर घरी झोपलो असतो.”

बेचाळीस मुलं होती. दुपारपर्यंत सगळं नीट झालं. मुलं पायऱ्यांवर भिजली, मक्याची कणसं खाल्ली, आम्ही घसा बसेस्तोवर ओरडलो. साडेतीनच्या सुमारास धुकं उतरलं. लोणावळ्याचं धुकं आम्हाला नवं नाही, पण ते सहसा चालत येतं. त्या दिवशी ते एकदम होतं. पायऱ्या दिसेनात, टपऱ्या दिसेनात, पाण्याचा नुसता आवाज. आम्ही शिट्ट्या वाजवून पोरं गोळा केली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या बसमध्ये चढवली.

मी मोजायला घेतलं. पुढून मागं प्रत्येक सीटच्या दांड्याला हात लावत, ओठात आकडे म्हणत. पोरं रेनकोटात, टोप्या डोक्यावर तशाच, खिडक्यांवर वाफ. बेचाळीस. उलट मागून पुढं मोजलं. बेचाळीस. मी सरांना म्हटलं, “जुळलं.”

ते म्हणाले, “नावं घेतो.” आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, मान खाली घालून, नावं घ्यायला लागले. ड्रायव्हरनं गाडी सुरू करून ठेवली होती.

“ऋतुजा गराडे.”

“प्रेझेंट सर.”

पेन थांबलं.

मला आधी काही कळलंच नाही. आवाज स्वच्छ होता, ऋतुजाचाच होता, आजही मी शपथेवर सांगेन. सरांनी मान उचलली. नऊ वर्षांत हजेरी घेताना त्यांची मान वर आलेली मी पहिल्यांदा बघितली. चेहरा पांढरा पडला होता.

“भाऊ, गाडी बंद करा,” ते ड्रायव्हरला म्हणाले.

“काय झालं सर? आहे की ती,” मी म्हटलं.

“आवाज आहे. पहिल्या हाकेला आलाय.”

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सर उठून मधल्या वाटेनं चालत गेले. तिच्या जागेवर तिचं दप्तर होतं. शेजारची पूजा म्हणाली, “ती मागं गेलीय सर, शेवटच्या सीटवर.” शेवटच्या सीटवरची पोरं म्हणाली, “आम्हाला वाटलं ती पुढं आहे.” मी एकेकाची टोपी मागं सारत गेले. ऋतुजा बसमध्ये नव्हती.

बरोबरच्या दुसऱ्या शिक्षकांना मुलांपाशी ठेवून सर आणि मी खाली उतरलो. मोबाइलला रेंज नव्हती. हाताचं बोट दिसत नव्हतं असं म्हणतात, तसं खरंच होतं. मी घाबरून ‘ऋतुजा, ऋतुजा’ ओरडायला लागले तसं सरांनी माझं मनगट धरलं. एरवी त्यांनी कधी कुणाला हात लावला नसता.

“असं नको. तीनदा मारायची आणि थांबायचं. मधे काही बोलायचं नाही.”

ते चार पावलं चालायचे, थांबायचे, एकाच पट्टीत तीनदा हाक मारायचे, आणि मग आम्ही दोघं श्वास धरून उभे. पुन्हा चार पावलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी बंद टपऱ्यांच्या मागून, खालून, ओ आली. बारीक आवाज, तोच.

टपऱ्यांमागं एक ओहोळ होता. ती लघवीला म्हणून आडोशाला गेली, पाय घसरला आणि दोन दगडांच्या मधे घोटा अडकला. पाणी तिच्या कमरेच्या वर आलं होतं. सर बुटांसकट आत उतरले, छातीपर्यंत भिजले. मी वरून तिचे दोन्ही दंड धरले. दगड हलेना. सरांनी खाली वाकून, तोंड पाण्यात जात असताना, बुटाची नाडी हातानं चाचपून सोडली आणि पाय बुटातून ओढून काढला. बूट तिथंच राहिला.

तिला माझ्या शालीत गुंडाळून वर आणताना मी रागावले, “अगं, इतक्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस?”

तिचे दात वाजत होते. म्हणाली, “दिली की बाई. तीनदा मारल्यावर दिली. त्याच्या आधी पण येत होत्या हाका. पण एकेकदाच. म्हणून नाही दिली.”

“कुठून?”

तिनं ओहोळ जिकडं उतरत जातो तिकडं हात केला. त्या बाजूला वाट नाही.

“कुणाची हाक होती गं?” सरांनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. “तुमचीच सर.”

बसमध्ये चढल्यावर मी पुन्हा मोजलं. बेचाळीस. हे मी अजून कुणाला धड समजावून सांगू शकलेले नाही. ती नव्हती तेव्हा एक्केचाळीस भरायला हवी होती. मी दोनदा मोजलं होतं, दोन्ही बाजूंनी, आणि मी गणिताची आहे. येताना सर माझ्या शेजारी ओल्या कपड्यांत बसले होते. लोणावळा मागं पडल्यावर एवढंच म्हणाले, “तुमचे आधीचे नि आताचे आकडे जुळायला नको होते. ते जुळतात. हे मला पटत नाही.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी अहवाल तयार करून ठेवला होता. मुलांची गणती बरोबर होती, हजेरीच्या वेळी पूजानं मैत्रिणीची प्रॉक्सी दिल्यामुळं काही काळ गोंधळ झाला, विद्यार्थिनीस किरकोळ दुखापत. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्यांसाठी जागा. पूजा रडून रडून सुजली होती. “मी नाही दिली,” एवढंच म्हणत होती. तिच्या आईवडिलांना बोलावलं होतं, दाखला हातात देणार असं कानावर येत होतं.

मी सही केली. सगळ्यांनीच केली. मला वाटलं, दुसरं काय लिहिणार? कागदावर काहीतरी लिहावंच लागतं.

मुलाणी सरांनी कागद दोनदा वाचला. “पूजा माझ्यापासून चार सीटांवर होती. आवाज माझ्या कानाशी होता. ही मुलगी खोटी ठरवायची असेल तर माझी सही मिळणार नाही.”

“मग कोण बोललं, ते तरी सांगा,” मुख्याध्यापक म्हणाले.

“ते मला माहीत नाही.”

“माहीत नाही तर मान्य करा.”

“माहीत नाही म्हणूनच मान्य करता येत नाही.” आणि सहीच्या जागी त्यांनी त्यांच्या तिरक्या अक्षरात इंग्रजीत दोन शब्द लिहिले. आय डिसॲग्री. खाली नाव, तारीख.

तो कागद तसा वर पाठवता येईना. पूजाचं प्रकरण तिथंच विरलं, ती दहावीपर्यंत आमच्याच शाळेत शिकली. सरांची मात्र दिवाळीनंतर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. दोन एसट्या बदलून जायचं अशा ठिकाणी.

मधल्या दिवसांत आम्ही दोघं ऋतुजाच्या घरी गेलो होतो. तिची आई, मंदाताई, अंगणात भात वाळत घालत होती. चहा ठेवला आणि म्हणाली, “सर, त्या दिसाला दुपारी म्या हितं बांधावर हुते. मागनं हाक आली, ‘आई’ म्हनून. येकदाच. पोरीचाच आवाज. म्या वळले न्हाई. जीव लय वडत हुता, पर न्हाई वळले.”

“किती वाजता ताई?”

“घड्याळ कुटलं? धुकं खाली उतरलं तवा.” मग आवाज खाली करून म्हणाली, “पान्यातल्या आसरा हायती त्या. एकदा ओ दिली की माणूस त्यांचं. पोरीनं दिली न्हाई, म्हनून वाचली.”

सरांनी कप खाली ठेवला. “मला तेही पटत नाही ताई.”

मंदाताईला राग आला नाही. तिनं नवलानं विचारलं, “साळेचं बी पटत न्हाई, माजं बी पटत न्हाई. मंग तुमाला पटतंय तरी काय?”

“तेच अजून कळलं न्हाई,” सर गावाकडच्या बोलीत म्हणाले. “पर तुमी पोरीला शिकवलं ते बरं केलं.”

बदलीच्या आधीच्या आठवड्यात एकदा ते माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात रजिस्टर. “बाई, माझ्या वर्गाची हजेरी तुम्ही घ्याल का? मला हल्ली ती मानवत नाही.” मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. म्हणाले, नाव घेता येतं. उत्तर यायच्या आधीचा जो क्षण असतो ना, तो सोसत नाही.

मी जाऊन हजेरी घेतली. ते खिडकीपाशी, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. ऋतुजाचं नाव मी तीनदा घेतलं. तिनं ओ दिली तेव्हा सरांचे खांदे खाली आले.

निरोपाच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, “सर, मी त्या कागदावर सही करायला नको होती. मला ते पटलं नव्हतं.”

ते हसले. “तुम्ही मान्य केलं नाहीत बाई. तुम्ही नुसती सही केलीत. ती दोन वेगळी क्रियापदं आहेत.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला कळलं. पण बरं वाटलं नाही. त्यांनी सही न करता जे गमावलं, ते सही करून मी राखलं होतं.

त्यानंतर वर्षातून एखादा फोन. सर निवृत्त झाले. त्यांची बायको गेली, तेव्हा मी तुंगार्लीला जाऊन आले. पुढं त्यांनी त्या खोल्या सोडल्या आणि पवनेच्या बाजूला, डोंगरावरच्या एका वाडीत, विधवा बहिणीकडं राहायला गेले.

गेल्या पावसाळ्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, मी आणि माझे यजमान गाडीनं लोणावळ्याहून परतत होतो. बाजारापाशी सर रिक्षाची वाट बघत उभे दिसले. आणखी वाकलेले, पण तेच. एका हातात किराण्याची जड पिशवी, दुसऱ्या हातात उघडी छत्री. मी हट्टानं गाडीत बसवलं. वाट वाकडी करून त्यांना वाडीपर्यंत सोडायचं ठरवलं. वाटेत बहिणीच्या गुडघ्यांबद्दल बोलले, या वर्षी भात उशिरा लावला त्याबद्दल बोलले. जुनं काही निघालं नाही. मी काढलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एका वळणावर म्हणाले, “बास, इथंच. पुढं गाडी जात नाही. वर पाऊलवाट आहे.”

संध्याकाळचे पाच वाजले असतील, उजेड होता. करवंदीच्या जाळ्यांमधून पाऊलवाट वर जात होती, आणि वरच्या अर्ध्या डोंगरावर ढग टेकला होता. यजमान पिशवी घेऊन वरपर्यंत येतो म्हणाले. सरांनी नाही म्हटलं. पिशवी आणि छत्री सांभाळत ते चढायला लागले. पांढरा सदरा थोडा वेळ दिसला, मग ढगात गेला.

आम्ही गाडीपाशीच थांबलो. म्हातारा माणूस नीट पोचल्याचं कळू दे, असं वाटलं. थोड्या वेळानं वर, अगदी वाडीच्या खालच्या टेपाडावर, ढग जरा फाटला आणि तिथं पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आमच्याकडं तोंड करून उभा दिसला. त्यानं उजवा हात उंच केला.

“पोचले बघ,” यजमान म्हणाले. मीही हात उंच केला, जोरानं हलवला.

तेवढ्यात खालचं धुकं सरकलं. वाटेच्या पहिल्याच वळणावर, आमच्यापासून फार तर शंभर पावलांवर, मुलाणी सर होते. आमच्याकडं पाठ, मान वाकलेली, एका हातात पिशवी, एका हातात छत्री. सावकाश एकेक पाऊल टाकत ते वर चढत होते.